एकाचा दावा, हजारोंचा पैसा: नोकरदारांचे ‘क्लास ॲक्शन’ खटले समजून घेताना

अमेरिकेत प्रकल्पावर तीन-चार वर्षं काढून पुण्या-ठाण्याला परतलेल्या एखाद्या इंजिनिअरला कधीतरी एक ईमेल येतो आणि तो वाचून माणूस चक्रावतो. तुमच्या जुन्या कंपनीविरुद्ध खटला सुरू आहे, त्यातल्या ‘वर्गा’त तुम्ही मोडता, अमुक तारखेपर्यंत कळवलं नाहीत तर निकाल तुम्हालाही लागू होईल, असा मजकूर असतो. आपण कोर्टाची पायरी चढलेलो नसतो, वकील केलेला नसतो, कंपनीशी कधी भांडणही झालेलं नसतं. बरेच जण फसवणुकीचा ईमेल समजून तो पुसून टाकतात. कधी तो खरोखर फसवणुकीचा असतोही. पण कधी त्याच्यामागे आपलाच पैसा असतो.

मुंबईत मुख्यालय असलेल्या टीसीएसच्या बाबतीत असं घडलेलं आहे. भारतातून अमेरिकेत पाठवलेल्या कर्मचाऱ्यांना मिळणारा आयकराचा परतावा कंपनी स्वतःकडे घेते, असा आरोप करत २००६ साली कॅलिफोर्नियाच्या फेडरल कोर्टात दावा दाखल झाला. परतावा कर्मचाऱ्याच्या नावाचा, पण त्यावर सही करून तो कंपनीला द्यावा लागतो, असं वादींचं म्हणणं होतं. कंपनीने आरोप फेटाळले. २०१२ मध्ये कोर्टाने हा दावा अनेकांच्या वतीने चालवायला मंजुरी दिली आणि २०१३ मध्ये २ कोटी ९७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड झाली. ही रक्कम साडेबारा हजारांहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांसाठी होती. दावा दाखल करणारे मात्र मोजकेच होते.

यालाच क्लास ॲक्शन म्हणतात. एकसारखं नुकसान झालेल्या मोठ्या समूहाच्या वतीने एक-दोन माणसं कोर्टात उभी राहतात, आणि निकाल किंवा तडजोड त्या सगळ्या समूहाला बांधते. पुढे मी याला सामूहिक दावा म्हणेन. त्या एक-दोन माणसांना प्रतिनिधी वादी म्हणायचं आणि समूहाला वर्ग. एवढे शब्द कळले की पुढचं सगळं कळतं.

एवढ्याशा पैशासाठी कोर्टात कोण जाणार?

ऊसपट्ट्यात काटामारी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. समजा, एखाद्या कारखान्याचा वजनकाटा प्रत्येक ट्रॉलीमागे शंभर किलो कमी दाखवतो. टनाला तीन हजारांचा भाव धरला, तर शेतकऱ्याचे एका खेपेला तीनशे रुपये गेले. त्याला ते जाणवतं, तो चिडतो, चावडीवर बोलतो. पण तीनशे रुपयांसाठी वकील लावून पाच वर्षं तारखा करणं कुणालाच परवडत नाही. कारखान्याच्या बाजूने हिशेब उलटा आहे. लाखभर ट्रॉल्यांचे शंभर-शंभर किलो म्हणजे तीन कोटी. नुकसान प्रत्येकाच्या वाट्याला छोटं आहे, आणि ते छोटं आहे म्हणूनच ते करणारा सुरक्षित आहे.

पगाराच्या बाबतीत हेच होतं. ओव्हरटाइमची दहा मिनिटं मोजली नाहीत, जेवणाच्या सुट्टीचे पैसे कापले पण सुट्टीत काम करवून घेतलं, पदाचं नाव ‘सुपरवायझर’ ठेवून जादा तासांचा दर नाकारला. एकेका माणसाचं महिन्याचं नुकसान किरकोळ, दहा हजार माणसांचं पाच वर्षांचं मिळून प्रचंड. सामूहिक दाव्याचं सगळं बळ या एका गोष्टीत आहे: तो छोट्या नुकसानांची बेरीज कोर्टासमोर ठेवतो. मग वकिलाला काम परवडतं, तज्ज्ञाची फी निघते, आणि कंपनीलाही नियम मोडण्याची किंमत आधीच हिशेबात धरावी लागते.

कत्तलखान्यातली अठरा मिनिटं

हे प्रत्यक्षात कसं चालतं ते टायसन फूड्सच्या खटल्यात फार स्वच्छ दिसतं. आयोवा राज्यातल्या स्टॉर्म लेक इथे या कंपनीचा डुकराच्या मांसावर प्रक्रिया करणारा कारखाना आहे. सुऱ्यांचं काम, त्यामुळे अंगावर संरक्षक साहित्य चढवावं लागतं, पाळी संपल्यावर ते काढून धुवावं लागतं. कंपनी पगार मुख्यतः पट्ट्यावर उभं राहून केलेल्या कामाचा देत होती. साहित्य चढवण्या-उतरवण्याच्या वेळासाठी काही जणांना थोडी ठरावीक मिनिटं मिळत, काहींना काहीच नाही. आणि प्रत्यक्षात किती वेळ जातो याची नोंद कंपनी ठेवत नव्हती.

नोंदच नसेल तर सिद्ध काय करणार? वादींच्या तज्ज्ञाने कामगारांच्या ७४४ चित्रफिती तपासल्या आणि सरासरी काढली. मांस कापण्याच्या विभागात दिवसाला १८ मिनिटं, कत्तलीच्या विभागात सव्वाएकवीस मिनिटं. कंपनीचं म्हणणं, प्रत्येक माणसाचा वेळ वेगळा, एकाची सरासरी दुसऱ्याला कशी लावता? २०१६ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध २ मतांनी कामगारांची बाजू घेतली. कायद्याने वेळेची नोंद ठेवणं मालकाचं काम. ते त्याने केलं नाही, तर त्या पोकळीचा फायदा त्यालाच मिळू देता येणार नाही. हा विचार १९४६ च्या एका जुन्या निकालातून आला आहे. मिशिगनमधल्या माउंट क्लेमेन्स पॉटरी या कारखान्याच्या कामगारांचा तो खटला होता.

ज्यूरीने टायसनच्या कामगारांना सुमारे २९ लाख डॉलर दिले होते. तीन हजारांवर माणसांत भागले तर माणशी हजार डॉलरही होत नाहीत. यातल्या एकानेही एकट्याने ही लढाई सुप्रीम कोर्टापर्यंत नेली नसती.

मला न विचारता माझं नाव त्यात आलं कसं?

हा प्रश्न सगळेच विचारतात आणि तो रास्त आहे.

अमेरिकेत दोन पद्धती आहेत. फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या नियम २३ नुसार नुकसानभरपाईच्या दाव्यात वर्गातला प्रत्येक माणूस आपोआप आत धरला जातो. नको असेल त्याने मुदतीत लेखी कळवून बाहेर पडायचं. ही रचना १९६६ पासूनची. दुसरी पद्धत १९३८ च्या वेतनविषयक फेडरल कायद्याची, म्हणजे किमान वेतन आणि ओव्हरटाइमच्या दाव्यांची. तिथे उलट आहे: ज्याला यायचं त्याने लेखी संमती द्यायची, न देणारा बाहेर. संमतीची ही अट १९४७ साली घातली गेली. माउंट क्लेमेन्सच्या निकालानंतर फाटकापासून यंत्रापर्यंत चालत जाण्याच्या वेळेचेही पैसे मागणाऱ्या दाव्यांचा पूर आला, उद्योगांनी धावाधाव केली, आणि अमेरिकन काँग्रेसने दरवाजा अरुंद केला.

दरवाजा किती अरुंद झाला? टायसनच्या खटल्यात दोन्ही पद्धती एकाच वेळी वापरल्या होत्या, फेडरल कायद्याखाली एक आणि आयोवा राज्याच्या कायद्याखाली दुसरी. कारखाना एकच, तक्रार एकच. लेखी संमती द्यायची होती तिथे आले ४४४ कामगार. आपोआप आत धरले गेले तिथे होते ३,३४४.

बाकीच्यांना पैसे नको होते असं कुणी म्हणणार नाही. पण साहेबाच्या विरोधात सही करायची म्हणजे काय, हे ज्याने कधी पगारावर घर चालवलं आहे त्याला ठाऊक आहे. म्हणून ‘न विचारता आत घेणं’ ही मला या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. घाबरलेल्या माणसाचा हक्क त्यामुळे त्याच्या भीतीवर अवलंबून राहत नाही.

त्याची किंमतही आहे. दुसरं कुणीतरी तुमच्या वतीने बोलतं आणि तो निकाल तुम्हाला बांधतो. नंतर त्याच तक्रारीवर वेगळा खटला करता येत नाही. म्हणून न्यायाधीशाला आधी तपासावं लागतं की प्रतिनिधी वादीचं हित बाकीच्यांच्या हिताशी जुळतं का आणि वकील हे काम पेलू शकतात का. तडजोड झाली तरी न्यायाधीशाची मंजुरी लागते, आणि वर्गातला कुणीही तिच्यावर हरकत नोंदवू शकतो.

हा प्रश्न मुंबईला परका नाही. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याखाली कापड गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच कामगारांची अधिकृत प्रतिनिधी संघटना होती. कामगाराला ती आपली वाटो न वाटो, वाटाघाटी तिच्याशीच व्हायच्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा पगार-बोनसच्या जोडीला हा कायदाच रद्द करा ही मागणी होती. आपल्या वतीने कोण बोलतं यावर माणसं किती टोकाला जाऊ शकतात, हे लालबाग-परळने पाहिलं आहे. सामूहिक दाव्यात निदान बाहेर पडण्याचं दार उघडं असतं.

सगळ्यांचा काटा एकच आहे का?

सामूहिक दावे सर्वांत जास्त कोसळतात ते या प्रश्नावर. कारखान्याचा काटा एकच खोटा असेल तर सगळ्या शेतकऱ्यांचं प्रकरण एकत्र चालतं. पण कारखान्याने गावोगाव वेगवेगळे काटे ठेवले असतील, कुठे बरोबर, कुठे चूक, आणि प्रत्येक काट्यावरचा माणूस आपल्या मनाने वजन लिहीत असेल, तर मग एका निकालात सगळ्यांचा न्याय कसा होणार?

वॉलमार्टच्या महिला कर्मचाऱ्यांचं नेमकं हेच झालं. बेटी ड्यूक्स या कॅलिफोर्नियातल्या एका वॉलमार्ट स्टोअरमध्ये कामाला होत्या. २००१ मध्ये त्यांनी आणि इतर काही जणींनी दावा केला की पगार आणि बढती या दोन्हींत कंपनीत बायकांना डावललं जातं. वर्ग होता सुमारे १५ लाख महिलांचा. दहा वर्षं खटला फक्त एवढ्याच मुद्द्यावर लढला गेला की तो एकत्र चालवता येईल का. जून २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने नाही म्हणून सांगितलं. पगार-बढतीचा निर्णय हजारो स्थानिक व्यवस्थापक आपापल्या समजुतीने घेत होते, कंपनीचं लेखी धोरण भेदभावाच्या विरोधातच होतं, म्हणून सगळ्यांना जोडणारा समान प्रश्न नाही, असं ५ विरुद्ध ४ मतांनी ठरलं. मागील पगाराची मागणी ज्या पोटनियमाखाली केली होती तो चुकीचा आहे, यावर तर सर्व नऊ न्यायाधीशांचं एकमत होतं.

भेदभाव झालाच नाही, असं कोर्टाने म्हटलेलं नाही. तो प्रश्न कधी सुनावणीलाच आला नाही. न्या. रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भिन्नमतात दाखवलं की व्यवस्थापकांना मोकळीक देणं हेही एक धोरणच असतं, आणि त्यातून भेदभाव होऊ शकतो. मला हे पटतं. प्रत्येक काट्यावर मनमानी चालू द्यायची हे ठरवणारा कुणीतरी वर बसलेला असतो.

वॉलमार्टनंतर भेदभावाचे मोठे दावे संपले असंही नाही. भारतीय आयटी कंपन्यांवर अमेरिकेत आलेले दावे याच चाळणीतून गेले. प्रकल्प संपला की नवा मिळेपर्यंत माणूस ‘बेंच’वर बसतो, हे हिंजवडीत कुणालाही माहीत आहे. बेंचवरून कामावर परत घेताना भारतीयांना झुकतं माप मिळतं आणि बाकीच्यांना काढून टाकलं जातं, असा आरोप करणारा कॉग्निझंटविरुद्धचा खटला २०१७ मध्ये दाखल झाला. तिथे वर्ग मान्य झाला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने कंपनीने हेतुपुरस्सर भेदभाव केल्याचा निष्कर्ष काढला. जवळपास तशाच आरोपांच्या खटल्यात नोव्हेंबर २०१८ मध्ये दुसऱ्या ज्यूरीने टीसीएसला दोषमुक्त केलं होतं. म्हणजे वर्ग मान्य होणं म्हणजे जिंकणं नव्हे. आणि हेही ध्यानात घेण्यासारखं आहे की आयकर परताव्याच्या खटल्यात भारतीय कर्मचारी दाद मागणारे होते, या दोन खटल्यांत त्यांनाच झुकतं माप दिल्याचा आरोप होता. हत्यार तेच, ते कुणाच्याही हातात असू शकतं.

वकीलच गब्बर होतात, हे खरं ना?

काही वेळा खरं आहे. तडजोडीच्या रकमेतून वकिलांचा मोठा वाटा जातो, सदस्याच्या हाती चाळीस-पन्नास डॉलरचा धनादेश पडतो. पण यावर लगाम कुणाचा, ते सिलिकॉन व्हॅलीच्या एका प्रकरणात दिसतं.

ॲपल, गूगल, इंटेल, ॲडोबी आणि आणखी तीन कंपन्यांनी एकमेकांची माणसं स्वतःहून फोन करून ओढायची नाहीत असे आपापसांत समझोते केले होते. इंजिनिअरला बाहेरून बोलावणंच येत नाही, मग पगारवाढ मागायला जोर कुठून येणार? अमेरिकन न्याय खात्याने २०१० मध्ये हे समझोते थांबवले, पण कर्मचाऱ्यांच्या हाती त्यातून पैसा आला नाही. २०११ मध्ये सामूहिक दावा झाला. वर्ग सुमारे ६४ हजार तंत्रज्ञांचा. तीन कंपन्यांनी आधी २ कोटी डॉलर देऊन सुटका करून घेतली. उरलेल्या चार मोठ्या कंपन्यांशी वकिलांनी ३२ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड केली, तर न्या. लूसी कोह यांनी ती फेटाळली. आधीच्या तिघांनी दिलेल्या रकमेच्या प्रमाणात ही कमी आहे, असं त्यांनी लिहिलं. या तडजोडीला हरकत घेणाऱ्यांत एक प्रतिनिधी वादी स्वतः होता. आपल्याच वकिलांच्या सौद्याविरुद्ध तो न्यायाधीशांकडे गेला. पुढे रक्कम ४१ कोटी ५० लाखांवर गेली आणि २०१५ मध्ये मंजूर झाली. वकिलांनी मागितलेल्या फीमध्येही न्यायाधीशांनी मोठी कपात केली. प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी पाच-सहा हजार डॉलर आले.

नुकसानाच्या मानाने हे थोडं होतं, असं म्हणणारे होते आणि त्यांचं चूक नव्हतं. पण दावा नसता तर शून्य मिळालं असतं.

आणि कंपनीने आधीच सही घेऊन ठेवली असेल तर?

या सगळ्या विषयातलं माझ्या मते सर्वांत काळजीचं प्रकरण हे आहे.

एप्रिल २०१४ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या एपिक सिस्टिम्स या कंपनीने कर्मचाऱ्यांना ईमेल पाठवला. यापुढे पगाराबद्दलची कुठलीही तक्रार कोर्टात नाही, खाजगी लवादापुढे मांडायची, आणि तीही एकेकट्याने. काम चालू ठेवलंत तर ही अट तुम्हाला मान्य आहे असं समजलं जाईल. सही करायचाही प्रश्न नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलात की झाली संमती.

मे २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी अशा अटी वैध ठरवल्या. आधार होता १९२५ च्या लवाद कायद्याचा. त्याच वर्षी इकॉनॉमिक पॉलिसी इन्स्टिट्यूटने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार अमेरिकेत ६ कोटींहून अधिक कर्मचारी सक्तीच्या लवादाच्या अटीखाली होते. वजनाची तक्रार करायची तर प्रत्येक शेतकऱ्याने बंद खोलीत, एकट्याने, आपल्या तीनशे रुपयांपुरतीच करायची, असा याचा अर्थ. छोट्या नुकसानांची बेरीज होऊच द्यायची नाही, हाच त्या अटीचा उद्देश आणि हाच परिणाम.

यावर तोड काढली ती कामगारांच्या काही वकिलांनी. घरपोच जेवण पोचवणाऱ्या डोअरडॅशच्या पाच हजारांहून अधिक डिलिव्हरी कामगारांनी कंपनीच्या अटीप्रमाणेच एकेकट्याने लवादाचे अर्ज केले, फक्त सगळ्यांनी एकदम. प्रत्येक अर्जामागे कंपनीला १,९०० डॉलर शुल्क भरायचं होतं. कंपनी मागे सरकली, आणि आता सगळं एकत्र मिटवू म्हणू लागली. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियात न्या. विल्यम अल्सप यांनी तिला स्वतःच लिहिलेल्या करारावर बोट ठेवून लवादाला जायला लावलं. त्यानंतर कंपन्यांनी अटींचे मसुदे पुन्हा बदलले. ही झटापट अजून चालू आहे. लैंगिक अत्याचार आणि छळाच्या तक्रारींपुरती मात्र सक्तीच्या लवादाची अट अमेरिकन काँग्रेसने मार्च २०२२ मध्ये मोडीत काढली.

दावा केला तर कामावरून काढतील का?

दावा केला किंवा साक्ष दिली म्हणून काढणं अमेरिकेच्या वेतन आणि समान संधीच्या कायद्यांत बेकायदेशीर आहे. तरी त्रास होतोच. म्हणून प्रतिनिधी वादी बऱ्याचदा नोकरी सोडलेली माणसं असतात. नुसता वर्गात असलेला सदस्य कंपनीच्या नजरेत वेगळा उठून दिसत नाही, कारण यादीत सगळेच असतात.

तेव्हा तसा ईमेल आला, तर पुसण्याआधी त्यात कोर्टाचं नाव आणि खटल्याचा क्रमांक आहे का ते पाहा. त्यातल्या दुव्यावर न जाता तो क्रमांक स्वतंत्रपणे शोधा; फेडरल कोर्टांच्या नोंदी इंटरनेटवर सापडतात. पैसे मिळवण्यासाठी आधी शुल्क भरा असं सांगत असेल तर ती फसवणूक. खरा असेल तर तारखा महत्त्वाच्या. काही तडजोडींत धनादेश आपोआप येतो, काहींत अर्ज भरावा लागतो. अर्ज न भरणाऱ्याला तडजोड बांधते, पण पैसे मिळत नाहीत. भारतात परतलेल्यांचा पत्ता जुना असतो, तो कळवणं आपल्याकडे.

आपल्याकडे असं करता येतं का?

थोडक्यात सांगायचं तर अमेरिकेसारखं नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १ नियम ८ खाली समान हित असलेल्या अनेकांच्या वतीने एकाला कोर्टाच्या परवानगीने दावा करता येतो. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम २४५ सामूहिक दाव्याचंच आहे, पण ते भागधारक आणि ठेवीदारांसाठी. सत्यम घोटाळ्यानंतर अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांना सामूहिक दाव्यातून १२ कोटी ५० लाख डॉलर मिळाले आणि भारतीय भागधारक बघत राहिले, तो अनुभव ताजा होता. कर्मचाऱ्याला या कलमात जागा नाही.

आपल्याकडे सामूहिक दाव्याची जागा कामगार संघटनेने घ्यायची, अशी कल्पना होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही अनेक संघटना असतील तिथे ५१ टक्के सदस्य असलेल्या संघटनेला वाटाघाटीचा अधिकार आहे. जिथे संघटना भक्कम आहे तिथे हे चालतं. जिथे नाही तिथे, म्हणजे बहुतेक आयटी कंपन्या, दुकानं, खाजगी शाळा, डिलिव्हरीची कामं, तिथे माणूस एकटा पडतो.

आणि संघटना असूनही एकटं पडता येतं. मॅकिनन मॅकेन्झी या मुंबईतल्या जुन्या जहाज कंपनीत ऑड्री डिकॉस्टा स्टेनोग्राफर होत्या. पुरुष स्टेनोग्राफरना त्याच कामाचा पगार जास्त होता. हा फरक आला होता १९७५ मध्ये कंपनी आणि कर्मचारी संघटना यांच्यात झालेल्या करारातून. नोकरी सुटल्यावर त्यांनी १९७६ च्या समान वेतन कायद्याखाली दाद मागितली. पहिल्या पायरीवर हरल्या, अपिलात जिंकल्या, मग उच्च न्यायालय, मग सुप्रीम कोर्ट. मार्च १९८७ मध्ये निकाल लागला: समान कामाला समान वेतन, आणि संघटनेशी झालेला करार कायद्याच्या वर असू शकत नाही. मुद्दा होता सुमारे सात हजार रुपयांच्या थकबाकीचा, आणि त्यासाठी दशकभर झगडणारी बाई एकटी होती. त्या एका दाव्याने देशाचा कायदा स्पष्ट झाला, पण त्याच कंपनीत तिच्यासारख्याच कमी पगारावर काम केलेल्या बाकीच्या स्त्रियांच्या हाती त्यातून आपोआप काही पडण्याची सोय नव्हती.

एक रस्ता मात्र आहे आणि तो फार कमी जणांना ठाऊक असतो. वेतन संहिता, २०१९ च्या कलम ४५ नुसार थकीत किंवा कापलेल्या वेतनासाठी एकाच आस्थापनेतल्या कितीही कर्मचाऱ्यांच्या वतीने एकच अर्ज करता येतो. जुन्या वेतन प्रदान कायद्यातही अशी तरतूद होती. अर्ज कर्मचाऱ्याला करता येतो, संघटनेलाही. आणि या संहितेत ‘कर्मचारी’ या व्याख्येत व्यवस्थापक आणि सुपरवायझरही येतात, त्यामुळे ‘तुम्ही कामगार नाहीच’ हे उत्तर वेतनाच्या तक्रारीला चालत नाही. सिद्ध झालेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार हे दावे ऐकणाऱ्या सरकारी प्राधिकाऱ्याला आहे. इथे कुणी आपोआप आत धरला जात नाही, नावं द्यावी लागतात. मुदत तीन वर्षांची आहे, ती वेतन थकल्यापासून मोजली जाते, आणि पगारपत्रकं, हजेरीच्या नोंदी, ओव्हरटाइमचे ईमेल कंपनीचं खातं बंद होण्याआधी स्वतःकडे असतील तर पन्नास जणांचा अर्ज एका पानात बसतो.